लायपोसोमल अँफोटेरिसिन: औषध तेच, मग किडनी कशी वाचते? (नॅनो औषधांबद्दल धागा)

पंचगंगा:

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता, "अँफोटेरिसिन बी लायपोसोमल ५० एमजी, अर्जंट, कोणाकडे असेल तर कळवा". म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीची) लाट ओसरली पण तो प्रश्न संपला नाही, शुगर वाढलेल्या लोकांना म्युकर कोविडच्या आधीही व्हायचा आणि आजही होतो. नातेवाईक अजून तेच विचारतात की डॉक्टर म्हणतात प्लेन चालेल पण लायपोसोमल मिळालं तर बरं, दोन्हीवर नाव तेच, मग एक काही शे रुपयांना आणि दुसरं हजारोंना का? कंपन्या लुटतात का? मी इंजेक्शनच्या फॉर्म्युलेशनमध्ये बरीच वर्षं काम करते, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं. इथे डॉक्टर, नर्स मंडळीही आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी औषध बघू. अँफोटेरिसिन हे मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं औषध, स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस त्याचं नाव, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या काठच्या मातीत सापडलेला. १९५० च्या दशकात सापडलं आणि आजही जीवघेण्या बुरशीवर ते पहिल्या फळीत आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, हे औषध त्याला चिकटतं, आवरणाला भोकं पडतात, आतलं पोटॅशियम वगैरे बाहेर गळतं आणि पेशी मरते. अडचण अशी की आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं आणि ते दिसायला एर्गोस्टेरॉलचंच भावंड. औषध एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट धरतं हे खरं, पण कोलेस्टेरॉलला अजिबात सोडतं असं नाही. त्याचा सगळ्यात जास्त मार बसतो किडनीला. तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, नलिकांच्या पेशींना भोकं पडतात, पोटॅशियम मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, चढायला लागतं.

दुसरी अडचण म्हणजे हे पाण्यात विरघळत नाही. जुन्या प्लेन इंजेक्शनमध्ये ते विरघळवायला डिऑक्सिकोलेट नावाचा पित्तातला क्षार घालतात. बाटलीत ठीक राहतं, पण रक्तात गेलं की ही जोडी लगेच सुटते आणि औषध मोकळं होऊन वाटेल त्या पेशीला जाऊन धरतं. थंडी वाजून हुडहुडी भरणं, ताप, उलट्या हे सगळं त्यातलंच.

आता लायपोसोम. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहम इथे ॲलेक बँगहॅम यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं की फॉस्फोलिपिड (एक स्निग्ध पदार्थ, अशा पदार्थांना लिपिड म्हणतात) पाण्यात टाकलं की त्याचे आपोआप गोल पोकळ कण बनतात, भिंत दुहेरी थराची, अगदी आपल्या पेशीच्या आवरणाच्याच धर्तीची. पुढे १९७० च्या दशकात ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी हे औषध वाहून न्यायला वापरता येईल हे मांडलं. लायपोसोमल अँफोटेरिसिनमध्ये औषध त्या पोकळीत नसतं, ते भिंतीतच विणलेलं असतं, भिंतीतल्या कोलेस्टेरॉलला आणि ऋण भार असलेल्या एका लिपिडला धरून. कणाचा आकार १०० नॅनोमीटरच्या आत. असा कण किडनीच्या गाळणीतून जात नाही, आणि औषध भिंतीत इतकं घट्ट असतं की रक्तात फिरताना फारसं सुटत नाही. बुरशीच्या भिंतीला जाऊन लागलं की कण तिथे मोडतो आणि औषध बुरशीत शिरतं, कारण तिथलं एर्गोस्टेरॉल त्याला जास्त जोरात ओढतं. मला हा सगळ्या विषयातला सर्वात सुंदर भाग वाटतो! औषधाचा एकही अणू बदललेला नाही, फक्त त्याला कुठे मोकळं व्हायचं ते बदललं.

आकडाही देते म्हणजे हवेत बोलणं नको. १९९९ साली ६८७ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली, ताप असलेले आणि पांढऱ्या पेशी कमी झालेले रुग्ण. दोन्ही औषधांचा गुण साधारण सारखाच, पण किडनीला इजा प्लेनमध्ये ३३.७ टक्के आणि लायपोसोमलमध्ये १८.७ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी, शून्य नाही. "लायपोसोमल दिलंय म्हणजे किडनीची काळजी नको" असं कोणी सांगितलं तर ते बरोबर नाही, रोज रक्त तपासावंच लागतं.

किडनी वाचते म्हणून डोसही वाढवता येतो. प्लेन साधारण किलोला १ मिलिग्रॅमच्या आसपास, लायपोसोमल म्युकरसाठी किलोला ५ ते १०. साठ किलोच्या माणसाला ५ नं धरलं तरी रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या सहा व्हायल. तीन आठवडे चाललं तर १२६ व्हायल. २०२१ ला व्हायल साधारण पाच ते सात-आठ हजारांना होती, सहा हजार धरा, साडेसात लाखांवर गेलं, आणि यात ऑपरेशन, बेड, बाकी औषधं काहीच नाही. घरं गहाण पडली लोकांची.

---

बारामतीकर:

ताई खूप छान समजावलंत. माझ्या मामांना २०२१ ला म्युकर झाला होता, डोळ्याखाली सूज आणि अर्धा चेहरा बधिर, आम्ही पुणे सोलापूर सातारा सगळीकडे फिरलो पण लायपोसोमल मिळालं नाही म्हणून प्लेनवर ठेवलं. चौथ्या पाचव्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं, मग एक दिवस बंद मग परत चालू असं करत करत कसंबसं पार पडलं. वरचा जबडा एका बाजूचा काढावा लागला पण माणूस आहे आज, कवळी लावून भाकरी खातात. प्रश्न असा आहे की भारत एवढी औषधं बनवतो, जगाला पुरवतो, मग हे एक इंजेक्शन महिनाभर का नाही बनवता आलं? तेव्हा डोकं फिरायचं आमचं. कोणी म्हणायचं साठेबाजी, कोणी म्हणायचं परदेशातून येतं.

---

पंचगंगा:

मामा सुखरूप आहेत वाचून खूप बरं वाटलं. तुमचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे आणि उत्तर मोठं आहे.

साठेबाजी झालीच, पण मूळ अडचण दुसरी होती. कोविडआधी या औषधाची मागणी मुळात खूप कमी होती, त्यामुळे मोजक्याच कंपन्या आणि तेही थोडं थोडं बनवायच्या. मागणी एका महिन्यात कितीतरी पटींनी वाढली. गोळी असती तर मशीन जास्त वेळ चालवून भागलं असतं. इथे तसं होत नाही.

पहिली गोष्ट कच्चा माल. यात लागणारं लिपिड साधं सोयाबीनचं लेसिथिन नाही, हायड्रोजनेटेड सोया लेसिथिन आणि डीएसपीजी नावाचं कृत्रिम लिपिड लागतं, इंजेक्शनच्या शुद्धतेचं. जगात ते बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्याच काळात एमआरएनए लसींमुळे शुद्ध लिपिडं बनवणाऱ्या सगळ्यांवरच ताण होता. आपल्याकडे मुंबईची व्हीएव्ही ही कंपनी लिपिडं बनवते, कारखाना रत्नागिरीला, त्यांचं नाव तेव्हा पेपरात बरंच आलं होतं. रत्नागिरी म्हटलं की लोकांना फक्त आंबा आठवतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरी गोष्ट प्रक्रिया. लिपिड आणि औषध सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, सॉल्व्हंट काढायचा, पाण्यात आणायचं, मग प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून पुन्हा पुन्हा जाऊ द्यायचं म्हणजे कण १०० नॅनोमीटरच्या खाली येतात. तापमान लिपिड मऊ होण्याच्या बिंदूच्या वर ठेवावं लागतं पण औषध उष्णतेनं खराब होतं, म्हणजे दोन्हीकडून अडचण. शेवटी उकळून निर्जंतुक करता येत नाही, कण फुटतील, म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि त्या आधीचं सगळं काम निर्जंतुक ठेवायचं. मग साखर घालून फ्रीझ ड्राय करायचं, साखर नसेल तर वाळताना कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. रव्याच्या लाडवाला रवा, तूप, साखर तेवढंच असतं तरी पाक जरा पुढे गेला की दगड होतो, तसंच आहे हे, साहित्याची यादी सारखी असून माल वेगळा निघतो. आणि बाटली बघून काही कळत नाही, पिवळी पावडर ती पिवळी पावडर. कणाचा आकार, औषध भिंतीत आहे की सुटं पडलंय, लाल पेशींना किती इजा करतं, हे सगळं तपासल्याशिवाय बॅच बाहेर जात नाही आणि त्यातली निर्जंतुकतेची चाचणी एकटीच १४ दिवस घेते. मागणी आली म्हणून उद्या माल, हे शक्यच नव्हतं.

वर्ध्याच्या जेनेटेक लाइफसायन्सेसनं मे २०२१ च्या शेवटी अँफोटेरिसिनचं इमल्शन इंजेक्शन बनवायला घेतलं, ते साधारण १२०० रुपयांना मिळणार होतं. त्याचं मला कौतुकच आहे. पण इमल्शन आणि लायपोसोम हे दोन वेगळे प्रकार आहेत, इमल्शनमध्ये औषध तेलाच्या बारीक थेंबात असतं. दोन्ही लिपिडच्या घरातलीच, तरी डोस आणि चाचण्या एकाच्या दुसऱ्याला लावता येत नाहीत. १२ जून २०२१ ला जीएसटी कौन्सिलनं अँफोटेरिसिनवरचा ५ टक्के कर शून्य केला, तोपर्यंत लाट उतरणीला लागली होती.

---

जुना_परळकर:

पंचगंगा, उत्तम धागा. मी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला शिकलो, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्याच लोकांना माहीत नसते.

लायपोसोमल अँफोटेरिसिन म्हटलं की सगळे अमेरिकन ब्रँडचं नाव घेतात. पण भारतात हे काम १९८० च्या दशकापासून चाललं होतं. दिल्ली विद्यापीठात प्रा. बच्छावत आणि इथे परळला सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांची टीम. प्रयोगशाळेत लायपोसोम बनवणं, प्राण्यांत तपासणं, मग रुग्णांमध्ये ट्रायल, पेटंट आणि कंपनीला तंत्रज्ञान देणं, हा सगळा प्रवास एका महापालिकेच्या हॉस्पिटलमधून झाला! तेच औषध पुढे फंजिसोम नावानं बाजारात आलं. सार्वजनिक हॉस्पिटलमध्ये ओपीडीची रांग सांभाळून असं संशोधन होतं हे लोकांना कळायला हवं.

फंजिसोम बनवायला स्वस्त पडावं म्हणून त्याची रचना वेगळी ठेवली होती. त्यात एक काम वॉर्डात करावं लागायचं, देण्याआधी बाटली सोनिकेटरमध्ये ४५ मिनिटं ठेवायची. सोनिकेटर म्हणजे ध्वनिलहरींनी हलवणारं पाण्याचं भांडं, त्यानं कण बारीक होतात. म्हणजे नॅनो करण्याची शेवटची पायरी रुग्णाच्या खाटेजवळ. कोणाला ते गैरसोयीचं वाटेल पण त्या काळात आयात औषध परवडणं जवळपास अशक्य होतं, त्यामानानं ही फार मोठी सोय होती.

अजून एक, लायपोसोमल अँफोटेरिसिननं बिहारमधला काळा आजार कसा हटवला ते नॅनोच्या विषयात आवर्जून सांगण्यासारखं आहे. काळा आजाराचा परजीवी लपतो कुठे, तर प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेतल्या भक्षक पेशींमध्ये. आणि रक्तात असे छोटे कण सोडले की त्यांना उचलून गिळणाऱ्या पेशी कोणत्या, तर त्याच! कॅन्सरच्या औषधात या पेशी म्हणजे डोकेदुखी, कण ट्यूमरपर्यंत पोचायच्या आधीच गिळून टाकतात. इथे मात्र त्याच पत्त्यावर माल हवा होता. बनारस हिंदू विद्यापीठाचे डॉ. श्याम सुंदर यांच्या टीमनं मुझफ्फरपूरला केलेली ट्रायल २०१० साली प्रसिद्ध झाली, किलोला १० मिलिग्रॅमचा एकच डोस, बरे होण्याचं प्रमाण ९५.७ टक्के. आधी प्लेन अँफोटेरिसिन एक दिवसाआड असं १५ वेळा द्यायचे, म्हणजे मजुरी करणारा माणूस महिनाभर हॉस्पिटलात. एका दिवसात घरी जाणं म्हणजे काय ते त्या घराला विचारा. पुढे सरकारी कार्यक्रमात हाच एक डोसचा उपचार आला.

---

रातराणी:

मी आयसीयूला सिस्टर आहे. पंचगंगाताई आणि डॉक्टरसाहेब दोघांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट मला ठळक सांगायचीय, प्लेन आणि लायपोसोमल यांची अदलाबदल म्हणजे जीवावरचा खेळ आहे. लायपोसोमलचा ३०० एमजी डोस चुकून प्लेनमध्ये दिला तर हृदय बंद पडू शकतं. आम्ही दोघीजणी व्हायल मोठ्यानं वाचतो, औषधाचं नाव नाही तर पूर्ण नाव, लायपोसोमल की लिपिड कॉम्प्लेक्स की इमल्शन की साधं, आणि मगच काढतो. नातेवाईकांनी बाहेरून आणलं असेल तर पावती आणि बॉक्स दोन्ही बघतो, २०२१ ला तर नातेवाईक जे मिळेल ते घेऊन यायचे, एकाच पिशवीत तीन प्रकार असायचे.

दुसरं, नेहमीची लायपोसोमल पावडर निर्जंतुक पाण्यात जोरजोरात हलवून मिसळायची आणि फिल्टरमधून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, सलाइनमध्ये अजिबात नाही, साका बसतो. लाइन आधी सलाइननं धुतली असेल तर तीही डेक्स्ट्रोजनं धुवून घ्यायची. नातेवाईक घाबरतात की शुगरच्या पेशंटला डेक्स्ट्रोज का लावताय, तर त्याला इलाज नाही, इन्सुलिन त्या हिशोबानं ॲडजस्ट करतात. पण डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं फंजिसोम मात्र सलाइनमध्येच बनवलेलं येतं, त्यामुळे प्रत्येक कंपनीचा कागद वाचायचाच, पाठ आहे म्हणून चालत नाही.

पहिल्या काही मिनिटांत कधी कधी पेशंट म्हणतो छातीत दाबल्यासारखं होतंय, कंबर खूप दुखतेय, चेहरा लाल होतो. ड्रिप थांबवून ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा लगेच उतरतं आणि परत हळू सुरू करता येतं. म्हणून सुरुवातीला मी खाटेजवळून हलत नाही.

---

चौकस:

माहितीपूर्ण धागा, पण एक शंका स्पष्ट विचारतो. नॅनो हा शब्द आता कशालाही लावतात, नॅनो हळद, नॅनो कॅल्शियम, नॅनो पाणी सुद्धा पाहिलं. मग औषधात तो खरा आणि हळदीत खोटा हे सामान्य माणसानं ओळखायचं कसं? लायपोसोमल सुद्धा किंमत वाढवायची युक्ती नाही हे कशावरून?

---

पंचगंगा:

रातराणीताई तुमची पोस्ट धाग्यात सगळ्यात वर चिकटवून ठेवायला हवी.

चौकस, शंका रास्त आहे. मी तीन गोष्टी विचारते. कण नेमका किती मोठा आणि कशाचा बनलेला हे लेबलवर किंवा कागदपत्रात आहे का. त्या आकारामुळे शरीरात काय बदलतं हे सांगता येतं का, म्हणजे किडनीतून न जाणं, अमुक पेशींनी उचलणं, असं काहीतरी ठोस. आणि तिसरं, माणसांवर साध्या औषधाशी समोरासमोर तुलना झाली आहे का. लायपोसोमल अँफोटेरिसिनकडे तिन्हीची उत्तरं आहेत. नॅनो हळदीच्या डबीवर "शोषण अनेक पटींनी" असतं, पण शोषलं जाऊन कुठला आजार किती बरा झाला ते नसतं. रक्तात जास्त सापडणं आणि रुग्णाला बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅन्सरच्या पेशंटला असली डबी पाठवणाऱ्या नातेवाईकांना मी सरळ नाही म्हणते, काहींचा केमोच्या औषधांशी संबंध येतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

---

अबोली:

माझ्या आईला ओव्हरीच्या कॅन्सरसाठी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन चालू आहे, महिन्यातून एकदा. डॉक्टर म्हणाले हृदयाला साध्यापेक्षा कमी त्रास, म्हणून हे. पण आईचे तळहात तळपाय लाल होऊन सोलतात, चालता येत नाही चार पाच दिवस. नॅनोमुळे त्रास कमी व्हायला हवा ना, मग हा नवीन त्रास कुठून आला?

---

पंचगंगा:

अबोली, आईंना लवकर आराम पडो. याचं कारण त्या कणातच आहे. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं जुनं केमोचं औषध, साधं दिलं तर ते सगळीकडे पसरतं, हृदयाच्या स्नायूतही, आणि आयुष्यभरात एकूण किती द्यायचं यालाच मर्यादा येते. इस्रायलमध्ये बॅरेनहोल्झ आणि गॅबिझोन यांनी ते लायपोसोमच्या पोकळीत भरलं. आत अमोनियम सल्फेट ठेवायचं, औषध आत शिरलं की तिथेच त्याचे स्फटिक होतात आणि बाहेर येता येत नाही. वर पेग नावाच्या पॉलिमरचा थर, म्हणजे भक्षक पेशी लवकर ओळखत नाहीत. १९९५ साली अमेरिकेत याला परवानगी मिळाली, डॉक्सिल नावानं, अशा प्रकारचं तिथलं हे पहिलं नॅनो औषध. हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात, ८०-९० नॅनोमीटरचा कण तिथून बाहेर पडत नाही, म्हणून हृदय वाचतं.

पण रक्तात इतके दिवस फिरत राहिलं की ते हळूहळू त्वचेत उतरतं, जिथे दाब आणि घर्षण जास्त आणि घामाच्या ग्रंथी जास्त तिथे, म्हणजे तळहात तळपाय. साधं डॉक्सोरुबिसिन तासांत ओसरतं, हे दिवसेंदिवस राहतं, म्हणून हा त्रास यातच जास्त. डोस दिल्यानंतरचे काही दिवस गरम पाण्यानं अंघोळ, भांडी, घट्ट चप्पल, जास्त चालणं टाळायचं, गार पाण्यात हात पाय बुडवायचे, साधं मॉइश्चरायझर लावत राहायचं. आणि सोलतंय हे डॉक्टरांना पुढच्या डोसच्या आधी नक्की सांगा, फोटो काढून दाखवा. डोस कमी करतात किंवा अंतर वाढवतात, सहन करत बसायची गरज नाही.

जाता जाता, २०११ ला अमेरिकेत डॉक्सिल बनवणारा कारखाना अडचणीत आला आणि तिथले पेशंट अडकले, तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये एफडीएनं (तिथल्या औषध नियंत्रण खात्यानं) मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करायला तात्पुरती परवानगी दिली आणि वर्षभरात त्यांच्या जेनेरिकला रीतसर मान्यताही दिली. डॉक्सिलचं तिथलं पहिलं जेनेरिक आपल्याकडचं. म्हणून बारामतीकर, आपल्याला येत नाही असं अजिबात नाही, तयारी आधीपासून ठेवावी लागते एवढंच.

---

टोरांटोकर:

इथे थोडं वेगळं मत मांडतो. कॅन्सरच्या नॅनो औषधांबद्दल जे सांगतात ना की ट्यूमरच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात म्हणून कण आपोआप तिथे साचतात, ते १९८६ साली जपानच्या माएदा आणि मात्सुमुरा यांनी दाखवलं आणि त्यावर तीसेक वर्षं हजारो पेपर निघाले. पण २०१६ साली टोरांटो विद्यापीठातल्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले तर मधला आकडा निघाला ०.७ टक्के. म्हणजे टोचलेल्या कणांपैकी शंभरातला एकसुद्धा ट्यूमरमध्ये पोचत नाही, आणि हे बहुतांशी उंदरांत. त्यामुळे "थेट कॅन्सरच्या पेशीवर मारा" अशी बातमी वाचली की मला राग येतो. पेशंटच्या घरचे त्या बातम्यांवर आशा लावून बसतात.

---

जुना_परळकर:

टोरांटोकर, सहमत. पण त्याचा अर्थ ही औषधं निरुपयोगी असा होत नाही. मी रुग्णाच्या बाजूनं बघतो. डॉक्सिलचा मोठा फायदा हृदय वाचणं हाच आहे. ॲल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल घ्या, २००५ साली आलं, कण साधारण १३० नॅनोमीटर. साधं पॅक्लिटॅक्सेल विरघळवायला क्रेमोफोर वापरतात, त्यानं जोराची रिॲक्शन येते म्हणून आधी स्टिरॉइड द्यावं लागतं. ॲल्ब्युमिनवाल्यात क्रेमोफोरच नाही, अर्ध्या तासात ड्रिप संपते. आमच्याकडे शुगरचे पेशंट किती, त्यांना ते स्टिरॉइड टळणं ही फार मोठी गोष्ट आहे. अचूक नेम लागला नाही तरी नको तिथे कमी जाणं हे सुद्धा मोठं काम आहे, आणि मला वाटतं आजपर्यंतच्या बहुतेक नॅनो औषधांचं खरं यश हेच आहे.

---

आंबोलीघाट:

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. कोविडची एमआरएनए लस पण नॅनोच होती ना? आणि पुण्याची जी आली होती तिचं काय?

---

पंचगंगा:

हो. एमआरएनए म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं त्याचा पेशीला दिलेला निरोप. ते नुसतं टोचलं तर रक्तातली एन्झाइम्स मिनिटांत त्याचे तुकडे करतात, आणि त्यावर ऋण भार असल्यामुळे पेशीत शिरतही नाही. म्हणून चार लिपिडांचा कण, त्यातलं मुख्य लिपिड आम्लात धन भार घेतं आणि रक्ताच्या सामान्य पीएचला जवळजवळ भाररहित राहतं. पेशीनं कण गिळला की ज्या पिशवीत तो जातो ती आम्लधर्मी असते, तिथे भार येतो, पिशवी फुटते आणि एमआरएनए मोकळं होतं. हे लसीसाठी अचानक सुचलेलं नाही, २०१८ साली पॅटिसिरान नावाचं एका दुर्मिळ अनुवंशिक आजाराचं औषध अशाच कणातून आलं होतं, त्याच वाटेनं लस इतकी झटपट झाली.

पुण्याच्या जेनोव्हाची जेमकोव्हॅक, जून २०२२ ला आणीबाणीची मंजुरी. ती फ्रीझ ड्राय केलेली, २ ते ८ डिग्रीत राहणारी. फायझरची सुरुवातीला उणे ७० ला ठेवावी लागायची. आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रातला फ्रिज डोळ्यापुढे आणा म्हणजे या फरकाची किंमत कळेल. ती यायला उशीर झाला म्हणून फार लोकांना मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

---

अबोली:

पंचगंगाताई खूप आभार, आईचे फोटो काढून ठेवलेत, पुढच्या तारखेला दाखवते. गार पाण्यानं कालच बरं वाटलं तिला.

---

माणदेशी:

उशिरा लिहितेय पण अर्जंट आहे. सासऱ्यांना म्युकर निघालाय, वय ६४, शुगर ४०० च्या वर होती. तालुक्याच्या हॉस्पिटलात प्लेन सुरू केलंय, नाकाचं ऑपरेशन परवा म्हणतात. लायपोसोमल जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल पण दोन दिवस लागतील. थांबावं का? आणि एका कंपनीचं संपलं तर दुसरीचं चालतं का मध्येच?

---

जुना_परळकर:

ताई, औषध अजिबात थांबवू नका. म्युकर तासातासानं पुढे सरकतो, आज हातात असलेलं प्लेन हे परवाच्या लायपोसोमलपेक्षा चांगलं. आणि नुसत्या औषधावर हा आजार जात नाही, मेलेल्या भागात रक्तच पोचत नाही तर औषध कुठून पोचणार, म्हणून ऑपरेशन जितकं लवकर होईल तितकं बघा. परवाच्या ऐवजी उद्या होईल का, किंवा मोठ्या ठिकाणी हलवावं का, हे कान नाक घसा वाल्या डॉक्टरांना आजच स्पष्ट विचारा. डोळा दुखणं, दोन दोन दिसणं, पापणी पडणं यातलं काही दिसलं तर रात्री सुद्धा कळवा. शुगर आटोक्यात येणं हाही उपचारच आहे.

महात्मा फुले योजनेत २०२१ ला म्युकरचा समावेश केला होता, तुमच्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे कार्ड घेऊन जा आणि औषधाचा खर्च किती बसतो ते लिहून घ्या.

---

पंचगंगा:

कंपनी बदलण्याबद्दल. दोन्ही बॉक्सवर "लायपोसोमल" असेल आणि डॉक्टरांनी डोस तपासला असेल तर बदलतात, पण लायपोसोमल संपलं म्हणून त्याच मिलिग्रॅमनं इमल्शन किंवा प्लेन लावणं कधीच नाही, वर रातराणीताईंनी लिहिलंय ते पुन्हा वाचा. आणताना थंड पेटीत आणा पण बर्फाला चिकटवू नका, पातळ स्वरूपातलं असेल तर गोठल्यावर कण मोडतात आणि मग ते वापरण्यालायक राहत नाही. बॅच नंबर आणि बिल जपून ठेवा.

---

माणदेशी:

डॉक्टरांशी बोललो, ऑपरेशन उद्या सकाळी घेताहेत. प्लेन चालू ठेवलंय, लायपोसोमलसाठी दीर निघालेत जिल्ह्याला. आजचं क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ३.१, त्यासाठी ड्रिपमधून देताहेत तरी वाढत नाहीये. अजून काही विचारायचं राहिलंय का?

---

रातराणी:

मॅग्नेशियम तपासलंय का ते विचारा. ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही, आणि या औषधात दोन्ही एकदम उतरतात. प्लेन चालू आहे तोवर ड्रिपच्या आधी सलाइनची बाटली देताहेत का तेही बघा, त्यानं किडनीला आधार मिळतो, पण ती वेगळी संपवून लाइन डेक्स्ट्रोजनं धुवूनच औषध लावायचं. आणि लघवी किती होते ते रोज लिहून ठेवा, राउंडला डॉक्टर तेच पहिलं विचारतील.